दाब

उसवलेल्या कापडाला भोकं राहतात,
हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आले.
इस्त्री मारा, पाणी शिंपडा, पाठीमागून नखानं घासा,
सुई जिथून गेली तिथून उजेड दिसतो.
मुचंडीबाई म्हणायच्या, तुम्हाला काय अशक्य, करा की.
आणि मी करायची,
आत दाब असला तर.

हुबळीच्या डॉक्टर हिरेमठांनी
माझ्या कानापुढची शिवण बोटानं चाचपली,
अगदी माझ्यासारखी, डोळे दुसरीकडे ठेवून.
"स्वल्प आहे," म्हणाले, "कातडं स्वल्पच शिल्लक आहे.
पयला ज्यांनी केलं त्यांनी जास्त ओढलं."
मला एकदम ओशाळं वाटलं,
जणू माझ्याच दुकानातल्या पोरीनं झंपर बिघडवलं
आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे.

पाच वर्षं झाली. बेंगळूरला केलं होतं,
माझ्या पैशानं. भिशीचे, आणि दिवाळीच्या जागरणांचे.
शहापुरात कुणाला ठाऊक नव्हतं, फक्त इंदूला,
म्हणजे सगळ्यांना.
तेव्हा कुणी विचारलं नाही, का करतेस.
आता विचारतात, का केलंस.
मध्ये चार महिने मी सुंदर होते.
तेही सांगायला हवं.
गोवावेसीत एका माणसानं मला आधी वाट दिली,
मग वळून बघितलं.

नंतर डावी पाळी खाली उतरली, गालात शिरली.
मोत्याची कुडी आता पुढं बघते,
गाडीच्या दिव्यासारखी.
हसले की उजवं तोंड आधी पोचतं,
डावं मागून येतं,
दुसऱ्या गेटाला अडकून पडल्यासारखं.

दुकानाचा बोर्ड तीनदा रंगवला.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक.
दुपारी चारच्या उन्हात
जुनी अक्षरं रंगाखालून वर येतात, फुगलेली,
मग जुनंही वाचता येत नाही, नवंही.
महादेवी म्हणते, अक्का, एकदा घासून काढूया की.
ती बोर्डाबद्दलच बोलत होती.

डॉक्टरांनी जुना फोटो मागितला.
"मूळ कसं होतं ते बघू."
घरभर शोधला. लग्नांत मी मागं,
नवरीच्या पदराला टाचणी लावताना, पाठमोरी.
बारशात अर्धी, कुणाच्या तरी खांद्याआड.
सापडला तो मतदार कार्डावरचा:
शालनचं सलिना झालेलं,
चेहरा कुणाचाही.
हा परत हवा आहे का मला?
ह्याच्यापासूनच तर पळाले होते,
रात्रीच्या बसनं, स्कार्फ बांधून.

वच्छी म्हणते, साठीला हे काय करूलालीस गे,
देवानं दिलंय ते राहू दे.
देवानं दिलेलं आता कुठं आहे, वच्छे.
हे डॉक्टरानं दिलेलं आहे.

काल रात्री शटर ओढल्यावर
गळ्यातला टेप काढला.
कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत
उजवीकडे चार इंच दोन सूत. डावीकडे चार.
हात थरथरला म्हणून पुन्हा मोजलं.
दोन सुतं.
एवढ्या फरकाचं झंपर मी
कुणाला परत करू दिलं नसतं.
"अंगात घातल्यावर बसतंय बघा," म्हणाले असते,
आणि ते कधीच बसत नाही, हे मला ठाऊक असतं.

मापाची वही उघडली.
अर्ध्या शहापुराचे दंड, छात्या, गळे आहेत तिच्यात,
माझं एकही माप नाही. लिहिलं.
नाव. माप. दुरुस्ती.
सवयीनं कार्बन घालून पावतीही केली.
डिलिव्हरीच्या तारखेपुढं
पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग लिहिलं,
गिऱ्हाईक विचार करून कळवेल.